टाल्कम पावडर: मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की आमच्या मेडिकलमध्ये पावडरीचे डबे मागच्या फळीवरून पुढे येतात आणि त्यांच्यासोबत प्रश्नही येतात. पूर्वी विचारायचे, "थंडावा देणारी आहे का?" आता निम्मी माणसं डबा हातात घेऊन आवाज खाली आणतात आणि विचारतात, "ताई, याने कॅन्सर होतो म्हणे?" काउंटरवर मागे रांग असताना जे सांगता येत नाही, ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

टाल्कम पावडर म्हणजे नक्की काय असतं?

दगडाचं पीठ. टाल्क हे खाणीतून निघणारं खनिज आहे. आपल्याकडे त्याला संगजिरं म्हणतात, काही भागांत शंखजिरं. त्यात मॅग्नेशियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन असतात. खनिजांचा कठीणपणा मोजायची 1 ते 10 अशी मोहस् मोजपट्टी आहे. तिच्यात हिऱ्याला 10 आणि टाल्कला 1. नखाने ओरखडा निघतो इतका हा दगड मऊ असतो. भारतात तो सर्वांत जास्त राजस्थानात निघतो. तो दळून, चाळून, त्यात सुगंध घातला की आपल्या न्हाणीघरातल्या फळीवरचा डबा तयार होतो.

पावडर घाम शोषते ना?

फारसा नाही, आणि हे ऐकून सगळ्यांना आश्चर्य वाटतं. घरी करून बघा. दोन पेल्यांत पाणी घ्या. एकात चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरा, दुसऱ्यात कॉर्नफ्लोअर. कॉर्नफ्लोअर भिजून खाली बसायला लागेल, पाणी गढूळ होईल. पावडर मात्र बरीचशी वरच तरंगत राहील, कोरडीच्या कोरडी. टाल्क पाण्यात सहज भिजत नाही.

मग लावल्यावर बरं का वाटतं? कारण टाल्कचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे, एकावर एक घसरणाऱ्या पापुद्र्यांचे असतात. मांडीला मांडी, काखेला दंड घासायचा थांबतो. त्वचेवरचं तेल थोडं टिपलं जातं. बाकीचं काम सुगंध आणि मेन्थॉल करतात. घाम यायचा तेवढा येतोच. संध्याकाळी पाचच्या लोकलमध्ये मानेच्या वळ्यांत पांढऱ्या रेघा दिसतात ना, ती घामापुढे हरलेली पावडर.

पेल्यातला हा प्रयोग लक्षात ठेवा, बाळाच्या प्रश्नात परत लागणार आहे.

घामोळ्यांवर पावडर लावू का?

घामोळं म्हणजे घामाच्या नळीचं तोंड बुजून घाम आतच अडकणं. त्यावर खरा उपाय गार पाण्याची आंघोळ, सैल सुती कपडे आणि पंखा. घामोळ्यांच्या पावडरीत मेन्थॉल, झिंक ऑक्साइड, बोरिक ॲसिड असं काही ना काही असतं. त्याने खाज आणि आग कमी होते, म्हणून मोठ्या माणसांनी पातळ थर लावायला हरकत नाही. पण अंग पूर्ण कोरडं करून. आंघोळीहून आल्या आल्या ओल्या पाठीवर पावडर थापली की तिचे गोळे होतात, ते वळ्यांत बसतात आणि त्यांनीच कातडी सोलवटते. तान्ह्या मुलांना या औषधी पावडरी स्वतःच्या मनाने लावू नका. बोरिक ॲसिड सोललेल्या त्वचेतून शरीरात जातं.

बाळाला आंघोळीनंतर पावडर लावावी का?

माझं उत्तर: नको. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आपल्याकडे बाळाची आंघोळ म्हणजे सोहळा. तेल-मालिश, गरम पाणी, ओवा-बाळंतशेपाची धुरी, मग पावडर, काजळ, तीट. गेल्या वर्षी नात्यातल्या एका बाळंतिणीकडे गेले होते. मालिशवाल्या मावशींनी बाळाला पायांवर उताणं घेतलं होतं. डबा बाळाच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर उपडा करून त्या मानेत पावडर घालत होत्या, धप धप धप. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात पांढरा धुरळा तरंगताना स्पष्ट दिसत होता. बाळ दोनदा शिंकलं. आजी कौतुकाने म्हणाल्या, "शतंजीव!" मी डबा मागून घेतला, तेव्हा खोलीत जरा शांतता पसरली होती, ती असो.

तो धुरळा बाळाच्या श्वासात जातो. मोठ्यांच्या मानाने बाळाच्या श्वासनलिका फार अरुंद असतात. आणि पेल्यात पाहिलं तसं हे पीठ भिजत नाही, त्यामुळे श्वासनलिकेतला ओलावा त्याला सहजासहजी धुऊन काढू शकत नाही. उलट ते आतला ओलावा सुकवतं आणि बारीक नळ्या बुजवतं. अशी पावडर मोठ्या प्रमाणात श्वासात जाऊन बाळं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात अनेक वर्षांपासून आहेत. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना बाळाला पावडर लावू नका असंच सांगते. युरोपात 3 वर्षांखालच्या मुलांसाठीच्या टाल्क पावडरीवर 'मुलाच्या नाकातोंडापासून दूर ठेवा' असा इशारा छापणं बंधनकारक आहे.

बाळाच्या त्वचेला पावडरीची गरजही नसते. मानेच्या, काखेच्या, मांडीच्या वळ्या मऊ सुती फडक्याने टिपून कोरड्या केल्या की झालं. लंगोटाच्या जागी लाली आली असेल तर झिंक ऑक्साइडचं क्रीम लावा. ते चिकटून राहतं आणि शी-शूचा ओलावा कातडीपर्यंत पोचू देत नाही.

सासूबाई ऐकतच नाहीत, काय करू?

हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. भांडण नको असेल तर निदान एवढं ठरवा: डबा बाळावर उपडा करायचा नाही. बाळापासून लांब, तोंड फिरवून चिमूटभर पावडर स्वतःच्या तळहातावर घ्यायची, दोन्ही हात चोळायचे आणि ते हात बाळाच्या पाठीवर फिरवायचे. पफ तर बंदच. पफ हे धुरळा उडवायचंच यंत्र आहे. मानेत, छातीवर आणि शूच्या जागी अजिबात नाही. आणि आमच्याकडे पाठवा, डॉक्टरांचं किंवा मेडिकलवालीचं आज्या ऐकतात.

मुलाने डबा तोंडावर ओतून घेतला तर?

लंगोट बदलताना रडणाऱ्या बाळाच्या हातात डबा खेळायला देतात, तिथेच हे घडतं. झाकण सैल असतं, बाळ डबा तोंडाकडे नेतं. तसं झालं तर बाळाला धुरळ्यातून बाहेर मोकळ्या हवेत न्या, ओल्या फडक्याने नाक-तोंड पुसा. तोंडात बोटं घालून उलटी करवू नका. खोकला थांबत नसेल, श्वास भरभर चालला असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर वाटले तर 108 ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. श्वासात बरीच पावडर गेल्याची शंका असेल तर बाळ वरवर हसतंखेळतं असलं तरी डॉक्टरांना दाखवाच, कारण त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

मग कॅन्सरचं काय? होतो की नाही?

इथे दोन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात भरले गेले आहेत. ते आधी सोडवू.

पहिला प्रश्न ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे बारीक तंतूंच्या रूपात असणाऱ्या दुसऱ्या एका खनिजाचा. जमिनीच्या पोटात टाल्क आणि ॲस्बेस्टॉस बऱ्याचदा शेजारी शेजारी, कधी एकाच शिरेत सापडतात. खाण निवडताना आणि माल तपासताना काळजी घेतली नाही तर ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू टाल्कसोबत दळले जातात. ॲस्बेस्टॉसने फुप्फुसाचा आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर होतो, याबद्दल वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था फ्रान्समधल्या लियाँ इथे आहे. तिने ॲस्बेस्टॉससारखे तंतू असलेल्या टाल्कला 1987 मध्येच सर्वांत वरच्या, म्हणजे 'कॅन्सर होतोच' या गटात टाकलं. 1976 पासून अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन उद्योगाने ॲस्बेस्टॉसमुक्त टाल्कचं मानक स्वतःहून स्वीकारलं, पण तपासणी किती बारीक असावी यावर आजही खल चालू आहे.

दुसरा प्रश्न ॲस्बेस्टॉस नसलेल्या शुद्ध टाल्कचा, आणि तो मुख्यतः बायकांच्या अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेला. बऱ्याच बायका शूच्या जागी, आतल्या कपड्यांवर किंवा सॅनिटरी पॅडवर पावडर टाकतात. तिथून कण योनी, गर्भाशय, नलिका या वाटेने अंडाशयापर्यंत पोचतात आणि तिथे सूज धरवतात, असा अंदाज आहे. 1982 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी हा संबंध पहिल्यांदा आकड्यांत मांडला. त्यानंतरच्या अशा बऱ्याच अभ्यासांत थोडा वाढलेला धोका दिसला. पण ते बहुतेक अभ्यास कॅन्सर झालेल्या बायकांना 'तुम्ही पूर्वी पावडर वापरायचात का' असं विचारून केलेले होते. आजार झाल्यावर माणूस कारण शोधत मागचं जास्त आठवतो, हे उघड आहे.

म्हणून 2020 मध्ये अमेरिकेतल्या अडीच लाखांहून जास्त बायकांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यांच्या पावडरीच्या सवयींची नोंद आधी झाली होती आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवलं गेलं होतं. त्यात ठाम म्हणावा असा संबंध सापडला नाही. मग 2024 मध्ये त्यांतल्याच एका मोठ्या गटाची आकडेवारी पुन्हा, आठवणीच्या चुका धरून तपासली, तेव्हा संबंध परत दिसला.

म्हणजे प्रकरण अर्धवट मिटलेलं आहे. माझं मत विचाराल तर एवढा वाद असलेली गोष्ट जिथे लावून काहीच फायदा नाही, तिथे लावायचीच कशाला? योनी स्वतःची स्वच्छता स्वतः राखते, तिला सुगंधी पावडरीची गरज नसते. कमरेखालचा वापर आजपासून बंद करा. पाठीवर, दंडावर थोडी लावली म्हणून अंडाशयाचा कॅन्सर होतो, असं मात्र कोणताही अभ्यास सांगत नाही.

2024 मध्ये टाल्क 'कॅन्सरकारक' जाहीर झालं ना?

'बहुधा कॅन्सरकारक' असं झालं. जुलै 2024 मध्ये लियाँच्या त्याच संस्थेने टाल्कला गट 2ए मध्ये टाकलं. माणसांमधला पुरावा मर्यादित, प्राण्यांमधला पुरेसा, आणि पेशींमध्ये कसं घडत असावं याचा पुरावा जोरकस, असा हिशेब त्यामागे आहे.

हे गट पुरावा किती पक्का ते सांगतात, धोका किती मोठा ते नाही. त्याच 2ए गटात तांबडं मांस आहे, रात्रपाळीची नोकरी आहे, आणि 65 अंशांहून गरम पेयंसुद्धा आहेत. बशीत न ओतता उकळता चहा घशाखाली ढकलणारे आमचे कितीतरी गिऱ्हाईक पावडरीचा डबा मात्र दोन बोटांत धरून परत करतात.

महाराष्ट्रात बेबी पावडरवर कॅन्सरमुळेच बंदी आली होती ना?

नाही. व्हॉट्सॲपवर सगळ्यात जास्त फिरलेली आणि सगळ्यात चुकीची समजूत हीच. सप्टेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंडच्या कारखान्याचा बेबी पावडर बनवायचा परवाना रद्द केला, हे खरं. कारण होतं पीएच, म्हणजे आपले शेतकरी मातीच्या बाबतीत ज्याला सामू म्हणतात तो. बाळांच्या पावडरीच्या भारतीय मानकात तो 5.5 ते 8 च्या दरम्यान लागतो. पुणे आणि नाशिकमध्ये घेतलेले नमुने त्यात बसले नाहीत, कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेनेही तसाच निष्कर्ष दिला. सामू जास्त म्हणजे पावडर जास्त अल्कधर्मी, बाळाच्या त्वचेला त्रासदायक. ॲस्बेस्टॉसचा किंवा कॅन्सरचा त्यात विषय नव्हता. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने प्रशासनाचे आदेश रद्द केले.

गोंधळ उडाला तो वेळेमुळे. त्याआधी महिनाभर, ऑगस्ट 2022 मध्ये, याच कंपनीने 2023 पासून जगभर टाल्कची बेबी पावडर बंद करून मक्याच्या स्टार्चची विकणार असं जाहीर केलं होतं. अमेरिका आणि कॅनडात तर 2020 मध्येच ती थांबवली होती. लोकांनी दोन्ही बातम्या एकत्र वाचल्या.

अमेरिकेत बायकांना कोट्यवधी डॉलर मिळाले, ते उगीच का?

सेंट लुईसच्या न्यायालयात जुलै 2018 मध्ये याच जॉन्सन अँड जॉन्सनविरुद्धच्या 22 बायकांच्या खटल्यात ज्युरीने 4.69 अब्ज डॉलरची भरपाई सुनावली. अपिलात ती रक्कम निम्म्याहून खाली, सुमारे 2.1 अब्जांवर आली आणि 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे ऐकायला नकार दिला. त्या खटल्याचा रोख पावडरीत ॲस्बेस्टॉस होतं आणि कंपनीने तसा इशारा दिला नाही, यावर होता. कंपनी आजही आपली पावडर सुरक्षित असल्याचंच म्हणते, आणि काही खटले ती जिंकलेलीही आहे. ज्युरीचा निकाल हा त्या माणसांच्या त्या प्रकरणाचा न्याय असतो. त्यावरून तुमच्या कपाटातल्या डब्यात काय आहे ते कळत नाही.

मी तीस वर्षं शूच्या जागी पावडर वापरली. आता कुठली तपासणी करू?

घाबरू नका. अंडाशयाचा कॅन्सर मुळात फार सर्रास होणारा नाही, आणि पावडरीने धोका वाढत असेल तर तो थोडाच वाढतो. कसलाही त्रास नसताना 'पावडर वापरली म्हणून' सोनोग्राफी किंवा सीए 125 ही रक्ततपासणी करून घ्या असं तज्ज्ञ सांगत नाहीत. खोटी धास्ती आणि नको त्या शस्त्रक्रिया वाढतात. लक्ष ठेवायचं ते लक्षणांवर: पोट सतत फुगल्यासारखं वाटणं, दोन घास खाऊन पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला लागणं. असं दोन-तीन आठवडे चालूच राहिलं तर ॲसिडिटीची गोळी मागायला माझ्याकडे येऊ नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. आई, मावशी, बहीण यांच्यापैकी कुणाला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर ते त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा. ते पावडरीपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

कॉर्नस्टार्चची पावडर सुरक्षित ना?

ॲस्बेस्टॉसची भीती नाही, कारण ती खाणीतून येत नाही. पण धुरळा तो धुरळाच. बाळाच्या नाकाशी तीही उडवायची नाही. डब्यावर 'टाल्क-फ्री' लिहिलेलं असलं तरी मागची घटकांची यादी वाचा: 'झिया मेज' असं काही दिसलं तर मका, 'टाल्क' दिसलं तर दगड. 'हर्बल', 'कडुनिंबयुक्त' लिहिलेल्या कित्येक पावडरींत पहिलं नाव टाल्कचंच असतं. कडुनिंब यादीत पार तळाला भेटतो.

जांघेत खाज आहे, साधी पावडर चालेल?

गोल चट्टा, कडेला लाली आणि खवले असतील तर ते गजकर्ण. साध्या पावडरीने ते जात नाही, नुसतं झाकलं जातं. बुरशीविरोधी औषध लागतं, आणि ते खाज थांबल्यावरही सांगितले तितके दिवस लावायचं. शेजाऱ्याने दिलेली स्टेरॉइडची ट्यूब तर मुळीच नको.

कॅरमची पावडर आणि अंगाची पावडर एकच का?

नाही. कॅरमवर टाकतात ती बहुतेक वेळा बोरिक पावडर. तांदूळ-डाळींना कीड लागू नये म्हणून चोळून ठेवतात तीही बोरिकच, म्हणून तर ते तांदूळ आधी नीट धुवायचे. ती पोटात गेलेली बरी नव्हे. सुट्टीत मुलं बोर्डवर तोंडाने फुंकर मारून पावडर पसरवतात, तेव्हा ओरडायला आई हवीच. तबलजी हाताला लावतात ती मात्र अंगाची टाल्कम; पंक्चरवाला ट्यूब टायरमध्ये घालण्याआधी जी पांढरी पूड फासतो तीही टाल्कचीच बहीण. मल्लखांबवाल्यांचा यात काही संबंध नाही, त्यांचं एरंडेल आणि राळ.

औषधाच्या गोळ्यांतही टाल्क असतं म्हणे?

असतं. गोळ्या यंत्राला चिकटू नयेत म्हणून किंचित घालतात. तोंडावाटे पोटात गेलेलं टाल्क वेगळं आणि श्वासातून फुप्फुसात गेलेलं वेगळं, त्याची काळजी नको. त्याहून नवलाची गोष्ट अशी की कॅन्सरच्या काही रुग्णांच्या छातीत पुन्हा पुन्हा पाणी साठतं, तेव्हा डॉक्टर निर्जंतुक टाल्क मुद्दाम फुप्फुसाच्या आवरणांमध्ये सोडतात. ते तिथे सूज धरवतं, दोन्ही आवरणं एकमेकांना चिकटतात आणि पाणी साठायला जागाच उरत नाही. मात्र शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांवर पूर्वी टाल्क असायचं, ते पोटात राहून गाठी होतात म्हणून सोडून दिलं.

कॉम्पॅक्ट, आयशॅडो?

त्यांतही बहुधा टाल्क असतं. पण दाबून बसवलेलं असल्याने धुरळा कमी. दमा असेल तर सुटी फेस पावडर टाळा.

मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेला, जाताना पावडर लावू नका असं का सांगतात?

काखेतले पावडरीचे आणि डिओचे कण फोटोत पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात, आणि कॅन्सरच्या सुरुवातीच्या खुणाही कधी कधी तशाच दिसतात. उगीच दुसऱ्यांदा फोटो आणि चार दिवसांची झोप उडते. त्या दिवशी नुसती आंघोळ करून जा.

घरात दोन भरलेले डबे आहेत. फेकून देऊ?

कशाला? बुटांत टाका, पावसाळ्यात रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पाय सोलतो तिथे लावा, गळ्यातल्या साखळीला बसलेली गाठ चिमूटभर पावडर चोळून सोडवा. साडीवर ताजा तेलाचा डाग पडला तर त्यावर जाड थर टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी ब्रशने झटका. स्वतःच्या पाठीला लावायची असेल तर हातावर घेऊन लावा. फक्त डब्याचं झाकण घट्ट फिरवून तो मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. लंगोट बदलायच्या दुपट्याशेजारी नको.